चौसष्ट जणांची एकच वही

“चौसष्ट घातले तरी साडेआठ तास? सोळा होते तेव्हा आठ लागत होते! मग वरचे अठ्ठेचाळीस करतायत काय, पत्ते कुटतायत?”

आवाज माझ्या फोनमधून येत होता, पण मुलुंडच्या मासळी बाजारात तो असा काही घुमला की समोरच्या मावशीने सुरमईवर उचललेला कोयता हवेतच धरला. शेजारच्या पाटीत सकाळपासून निपचित पडलेला एक खेकडा उठून चालायला लागला. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मावशीने विचारलं, घरी काही झालं का? म्हटलं, नाही, जुने साहेब आहेत, ख्यालीखुशाली विचारतायत.

साहेब म्हणजे डॉ. कर्णिक. विक्रोळीच्या अलीकडे हायवेला लागून आमची संशोधन संस्था आहे, तिथल्या सागरी विभागाचे प्रमुख. मी त्याच संस्थेच्या मशीनघरात बत्तीस वर्षं काढली आणि दोन वर्षांपूर्वी नारळ घेऊन बाहेर पडलो. निरोप समारंभात कर्णिक म्हणाले होते, सावंत, आता आराम करा. तेव्हापासून ते मला दर दोन महिन्यांनी आराम करतोय का ते बघायला फोन करतात आणि शेवटी एखादं मशीन अडलेलं असतं.

या वेळचं अडणं साधं नव्हतं. मंगळवार होता. शुक्रवारी पालिकेच्या आपत्ती विभागाचे लोक येणार होते. त्यांना आमच्या मुलीचा एक प्रोग्राम चालताना बघायचा होता. मुलगी म्हणजे डॉ. मृणाल वैती, कर्णिकांच्या विभागातली. तिने चार वर्षं खपून खाडीचा प्रोग्राम बनवला होता. समुद्रात वादळ उठलं की वाऱ्याचे आकडे त्यात घालायचे, आणि तो सांगणार की भरतीला माहुलपासून मानखुर्दपर्यंत कुठल्या गल्लीत किती पाणी चढेल. पालिकेची अट एकच होती: उत्तर तीन तासांच्या आत पाहिजे. त्याच्यापुढे गेलं तर माणसं हलवायला वेळ उरत नाही. शुक्रवारी तीन तासांत उत्तर आलं तर प्रोग्राम घेणार, नाहीतर राम राम.

मी सुरमई घरी टाकली, बायकोला म्हटलं तळून ठेव, आणि निघालो. ती म्हणाली, तीन दिवसांनी येशील, मी खाऊन टाकते. बत्तीस वर्षांच्या संसारात तिला या धंद्याचं एवढं कळलेलं आहे.

वाचणाऱ्यांना हा धंदा कळावा म्हणून थोडं सांगतो. आमची विक्रोळीची चाळ. कोणाचं लग्न असलं की बुंदीचे लाडू घरीच व्हायचे. गॅलरीत सतरंजी टाकून बायका वळायला बसायच्या आणि माझी आई पाकावर. पाक झाला की नाही हे ठरवायचा अधिकार फक्त तिचा. आता वळायला चार बायकांऐवजी आठ बसवल्या तर लाडू लवकर होतात. सोळा बसवल्या तर आणखी लवकर. पण चाळीस बसवल्या तरी पाक व्हायचा तेवढाच वेळ घेतो. चाळिसाव्या बाईच्या हातात बुंदीच येत नाही. मग ती शेजारणीशी बोलायला लागते, म्हणजे शेजारीणही थांबते. पुढे पुढे अशी वेळ येते की बायका वाढवाव्यात तसे लाडू हळू होतात. मोठ्या विद्वानांनी हे गणितात मांडून ठेवलंय म्हणे. आमच्या चाळीत ते प्रत्येक लग्नात सिद्ध व्हायचं.

मोठी मशीनं तशीच. आत एकाच्या जागी चौसष्ट गणिती बसलेले असतात, त्यांना आम्ही कोअर म्हणतो. मृणालने खाडीचा नकाशा चौसष्ट तुकड्यांत कापला होता. प्रत्येक कोअरने आपल्या तुकड्यातलं पाणी मोजायचं, कडेला काय आलं ते शेजाऱ्याला सांगायचं, त्याचं ऐकायचं, आणि घड्याळ एक पाऊल पुढे सरकवायचं. अशी हजारो पावलं. माझं काम काय, तर काम अडलं की लाडू वळणाऱ्यांत रिकामं कोण बसलंय आणि कोणाच्या वाट बघण्यात बसलंय, ते शोधणं. त्यात माझ्यासारखा माणूस मुंबईत दुसरा नाही. पुण्यात एक आहे असं ऐकलं होतं, पण तो आता अमेरिकेत असतो, म्हणजे नसल्यातच जमा.

मी पोचलो तेव्हा कर्णिकांचा आवाज बसला होता, त्यामुळे इमारतीत शांतता होती. मृणाल पडद्यासमोर बसली होती. तिशीची मुलगी, माहुलच्या कोळीवाड्यातली. तिची आई अजून तिथेच राहते, जेट्टीपासून चार पावलांवर. मी विचारलं, काय गं, तीन तासांची एवढी घाई कशाला?

“साडेआठ तासांनी उत्तर आलं ना काका,” ती म्हणाली, “तर तोवर पाणी कुठवर आलं ते आईनेच मला फोन करून सांगितलेलं असेल.”

 

मी खुर्ची ओढली. मृणालने तोंड उघडलं, म्हणाली, काका, मला वाटतं प्रत्येक पावलानंतर ते जे... मी हात वर केला. म्हटलं, थांब. आधी कोण कुठे बसलंय ते बघायचं. हा पहिला धडा, आणि तो मी अंधेरीत शिकलो.

अंधेरीला औषधांची एक छोटी कंपनी होती. त्यांनी बत्तीस कोअरचं नवंकोरं मशीन घेतलं, पूजा करून त्याला झेंडूचा हार घातला आणि औषधाचे रेणू कसे वळतात त्याचं गणित लावलं. गणित चालेना. म्हणजे चालायचं, पण जुन्या मशीनसारखंच, जणू बत्तीस नाही, एकच कोअर आहे. मालकाने दोन इंजिनियर बदलले, तिसऱ्यांदा पूजा केली, मग मला बोलावलं. मी गेलो, हार बाजूला केला, एक आज्ञा टाइप केली, आणि कोण कुठे बसलंय त्याची यादी पडद्यावर आली. पहिल्या कोअरच्या खुर्चीत बत्तीस जण एकमेकांच्या मांडीवर. बाकी एकतीस खुर्च्या रिकाम्या, पंखे चालू. जुन्या मशीनवरून उचललेली एक सेटिंग होती, ‘सगळ्यांनी पहिल्या खुर्चीतच बसावं’ अशी. जुन्यात एकच खुर्ची होती, तेव्हा ती कोणाला खटकली नव्हती. मी ती ओळ पुसली. आठवडाभराचं गणित जेवणाच्या सुट्टीआधी संपलं. मालकाने मला खोकल्याच्या औषधाचं खोकं दिलं. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली, आमच्या घरी अजून कोणी दुसरं औषध घेतलेलं नाही.

ही गोष्ट मी नीट सांगतो, त्यामुळे ती अर्धा तास चालते. ती संपली तेव्हा मृणालची यादी पडद्यावर आली होती. चौसष्ट जण चौसष्ट खुर्च्यांत, शाळेच्या फोटोसारखे. तिथे काही नव्हतं.

मग तुकडे बघितले. एखाद्याच्या वाट्याला खोल समुद्र आणि एखाद्याच्या वाट्याला नुसता चिखल आला, तर चिखलवाला लवकर संपवून बसून राहतो. पण मृणालने तुकडे असे वाटले होते, जसा एखाद्या आईने चार पोरांना आंबा कापून द्यावा. कोणी भांडूच शकणार नाही. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, हो काका, ते मी तपासलं होतं. मी म्हटलं, दोनदा तपासलेलं चांगलं. मंगळवार गेला.

बुधवारी मी मशीनघरात शिरलो आणि हाताने हवा बघायला लागलो. मृणाल मागे उभी राहून म्हणाली, काका, ती नोंदींची फाइल एकदा... मी म्हटलं, पेडणेकर.

पेडणेकर आमचे स्टोअरचे कारकून, आता ते नाहीत. मशीनघर आणि स्टोअर यांच्यात एसीची एकच नळी होती. एका उन्हाळ्यात सगळी गणितं अचानक दीडपट वेळ घ्यायला लागली. प्रोग्राम तेच, मशीन तेच. आठ दिवस आम्ही डोकं आपटलं. मग मला कळलं की पाचव्या कपाटातलं एकच मशीन तापतंय. मशीन तापलं की जळू नये म्हणून आपणहून हळू चालतं, माणसापेक्षा शहाणं असतं. पण शेजाऱ्याचं ऐकल्याशिवाय पुढे जायचं नाही असा नियम असल्यामुळे एक हळू झाला की सगळे हळू होतात. दिंडीत एकाचा पाय मुरगळला की सगळी दिंडी लंगडते, तसं. मी नळीच्या मागावर निघालो तो थेट पेडणेकरांच्या डोक्यावर पोचलो. त्यांची मान आखडत होती म्हणून त्यांनी नळीच्या तोंडाला गेल्या वर्षीचं कालनिर्णयासारखं एक जाड कॅलेंडर दोरीने बांधलं होतं. वारा बंद. शास्त्रज्ञांची आठ दिवसांची झोप त्या कॅलेंडरमागे अडकली होती. मी त्यांना म्हटलं, पेडणेकर, तुमच्या मानेमुळे देशाचं विज्ञान थांबलंय. ते म्हणाले, मग विज्ञानाला सांगा मला एक मफलर द्यायला. आम्ही वर्गणी काढून दिला.

या वेळी नळी मोकळी होती. पण एका मशीनची जाळी धुळीने बुजली होती. मी ती स्वतः काढून झटकली, एवढी धूळ निघाली की त्यात कुंडी लावता आली असती. मृणालने प्रोग्राम परत लावला आणि मी तिच्याकडे विजयी मुद्रेने बघत बसलो. संध्याकाळी निकाल आला.

“आठ तास वीस मिनिटं, काका.”

कर्णिक दारात उभे होते. ऐकलं आणि पाठ फिरवून गेले. कर्णिक ओरडतात तेव्हा घाबरायचं कारण नसतं. ते गप्प झाले की वाट लागली समजायचं.

गुरुवारी सकाळी मी ठेवणीतलं हत्यार काढलं. एक प्रोग्राम असतो, तो दुसऱ्या प्रोग्रामवर पाळत ठेवतो. प्रत्येक कोअरची एक पट्टी काढतो: काम चालू तिथे हिरवी, वाट बघतोय तिथे लाल. मी म्हटलं, मृणाल, आता बघ. चित्र उघडलं आणि पडदा गुलमोहरासारखा लाल झाला. दहातली आठ मिनिटं सगळे जण नुसते वाट बघत होते. हिरवं म्हणाल तर कोथिंबीर भुरभुरल्याएवढं.

आता धागा सापडला होता. मी लाल पट्टी धरून प्रोग्रामच्या आत शिरलो. सात हजार ओळी होत्या. मृणालने मला काही न विचारता सरळ एका जागी आणून सोडलं. तेव्हा मला वाटलं, मुलगी हुशार आहे, माझ्याकडे बघून शिकली.

तिथे काय होतं? प्रत्येक पावलानंतर सगळ्यांना थांबवलेलं. मग एक नंबरने एक फाइल उघडायची, आपलं पाणी त्यात लिहायचं, फाइल बंद करायची आणि दोन नंबरला सांगायचं, आता तू. मग दोन नंबरने उघडायची. असं चौसष्टपर्यंत. आणि चौसष्टावा लिहून होईपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही. चौसष्ट माणसं, एक वही, एक पेन आणि रांग. पाणी मोजायला एक क्षण, लिहायला चार. सोळा जण होते तेव्हा रांग छोटी होती, खपून गेली. माणसं चौपट केली, मोजणं पावपट झालं आणि रांग चौपट. जेवढं इकडे कमावलं तेवढं तिकडे गेलं, वर थोडं पदरचं.

मला चढलीच. कर्णिक आत आले तसा मी त्यांना उभं करूनच सुरू झालो. म्हटलं, सर, हे बघा. ज्या कोणी शहाण्याने हे लिहिलंय त्याला कीबोर्डला हात लावू देऊ नये. त्याला रेशनच्या दुकानावर रांग लावायला ठेवा. याने समांतर गणिताचा मुडदा पाडलाय, समुद्राला सांगतोय की थांब, आधी सही कर. वीसेक मिनिटं मी बोललो असेन. त्यात मी त्या माणसाचं शिक्षण काढलं, गाव काढलं, बुद्धी काढली. मृणालने मधेच पाण्याचा ग्लास पुढे केला. पाणी पिता पिता मी प्रोग्राम थोडा वर सरकवला.

त्या भागाच्या डोक्यावर एक टीप होती. “हा भाग काढू नये. ग. सा.”

गजानन सावंत.

मी ज्या वेगाने तो पडदा परत खाली सरकवला, त्या वेगाने त्या मशीनवर आजवर काही चाललेलं नाही.

आठवलं सगळं. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. कर्णिक तेव्हा नवखे होते, दंडात ताकद आणि डोक्यावर केस होते. त्यांचं एक गणित पाच दिवस चाललं आणि संपायला तासभर असताना वीज गेली. सगळं पुसलं गेलं. ते जिन्यात बसून रडले होते. मी शेजारी बसलो आणि त्यांना वचन दिलं की सर, यापुढे तुमचं एक पाऊलसुद्धा वाया जाऊ देणार नाही. दुसऱ्या दिवशी मी हा भाग लिहिला. प्रत्येक पाऊल वहीत. तेव्हा चार कोअर होते, रांग कसली, चौघांचं टोळकं. त्यानंतर कितीदा तरी वीज गेली, पण कर्णिकांचं एकही पाऊल हरवलं नाही. त्याच्यावर त्यांची डॉक्टरकी झाली. पुढे मशीनं बदलली, माणसं बदलली, तो भाग जुन्या प्रोग्राममधून नव्यात, नव्यातून मृणालच्यात घरच्या देवासारखा येत राहिला. कारण आमच्या विभागात एक रीत होती: ज्याने ओळ लिहिली त्याला विचारल्याशिवाय ती पुसायची नाही. रीत चांगली होती. मीच पाडली होती.

कर्णिकांनी माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, “कोणी लिहिलं होतं हे?”

मी म्हटलं, “जुनं काम आहे, सर. तेव्हा येऊन जाऊन बरेच जण असायचे.”

मग मात्र मी कामाला लागलो, आणि हे मी छाती पुढे काढून सांगतो. नुसती ओळ पुसणं कोणालाही येतं. पण पुसली आणि शुक्रवारी वीज गेली तर? वचन अजून चालू होतं. मी सांगत गेलो, मृणाल लिहीत गेली. नोंद प्रत्येक पावलाला नाही, वीस मिनिटांनी एकदा. रांग बंद, प्रत्येकाला आपली स्वतःची वही. आणि लिहिण्यासाठी थांबायचं नाही, नोंदीची प्रत बाजूला काढून ठेवायची आणि मोजणं पुढे चालू, लिहिणं मागून होत राहील. मृणालची बोटं अशी चालत होती की कीबोर्डवर माशी बसायची हिंमत करत नव्हती. दुपारी मी कर्णिकांना बोलावलं आणि प्रोग्राम ऐन भरात असताना एका मशीनची वायर त्यांच्यादेखत खेचली. त्यांनी डोळे मिटून घेतले. वीस वर्षांपूर्वीचा जिना दिसला असणार. मी वायर परत लावली, प्रोग्राम जिथे होता तिथून उठला आणि चालायला लागला. कर्णिकांनी डोळे उघडले आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, “झकास.”

शुक्रवारी पालिकेचे चार जण आले. त्यांनी मागच्या एका वादळाचे आकडे आणले होते, त्या वेळी पाणी कुठे चढलं ते त्यांना माहीत होतं, आम्हाला नव्हतं. मृणालने प्रोग्राम लावला. ते चहा प्यायले, मी त्यांना अंधेरी सांगितली, पेडणेकर सांगितले, मधे एकाने घड्याळ बघितलं. एक तास बावन्न मिनिटांनी नकाशा उमटला. त्यांच्यातल्या मोठ्या साहेबांनी आपला कागद शेजारी धरला आणि बराच वेळ बोटाने गल्ल्या मोजल्या. मग ते मृणालला म्हणाले, पुढच्या पावसाळ्यापासून हे आमच्या कंट्रोल रूममध्ये पाहिजे. ती हो म्हणाली आणि बाहेर जाऊन आईला फोन करून आली. डोळे लाल होते.

कर्णिकांनी सगळ्यांसमोर मला शाल दिली. म्हणाले, सावंतांनी तीन दिवसांत जे शोधलं ते आम्हाला तीन वर्षांत सापडलं नसतं. टाळ्या झाल्या. मी त्या घेतल्या. आयुष्यात मिळालेली टाळी मी कधी परत केलेली नाही.

पण ती शाल संध्याकाळपर्यंत टोचायला लागली. कँटीनमध्ये मी आणि मृणाल दोघंच होतो. तिने डबा उघडला, आईने माझ्यासाठी सुक्या जवळ्याची चटणी आणि तांदळाच्या भाकऱ्या पाठवल्या होत्या. पहिला घास घेतला आणि मला राहवेना. म्हटलं, मृणाल, एक सांगायचंय. तो भाग मीच लिहिला होता.

“माहितेय की,” ती म्हणाली. “वर ग. सा. लिहिलंय. मी तो मागच्या वर्षी काढलाही होता. सरांनी परत घालायला लावला. म्हणाले, सावंतांची ओळ आहे, त्यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. म्हणून तर मंगळवारी मी त्यांना तुम्हाला फोन करायला लावला.”

मी म्हटलं, अगं मग मी तीन दिवस जाळ्या झटकत होतो, खुर्च्या मोजत होतो. पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?

तिने माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

“सांगत होते, काका. तुम्ही अंधेरीत होतात.”